चॉकलेट अव्हेन्यूवर कारखाना शोधताना

न्यू जर्सीतल्या मराठी घरात भारतातून आई-बाबा आले की त्यांना फिरवायचा एक ठरलेला कोर्स असतो. आधी जेटलॅग, मग स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, मग ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर, लाँग वीकेंड मिळाला की नायगारा, आणि घरात लहान पोरं असतील तर हर्शी. हर्शी म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं ते चॉकलेटचं गाव. आमच्याकडून ७८ नंबरचा हायवे धरून पश्चिमेला निघालं की अडीच-तीन तास, वाटेत मक्याची शेतं लागतात, लाल रंगाची कोठारं लागतात, आयांना "अगंबाई, इथं पण शेती करतात की" असं होतं, आणि पार्किंगला पोचावं तर चहूकडे आपलीच जनता, डिक्या उघड्या, दशम्या-चटणी, पुलाव, इडल्या, कुणीतरी "पाण्याची बाटली कुणाकडंय" म्हणून ओरडतंय, असा सगळा थाट.

या उन्हाळ्यात आम्हीपण गेलो. लेकीला पाळण्यात बसायचं होतं (रोलर कोस्टरला आमच्या आईने दिलेलं नाव पाळणा, आता घरात तेच चालतं), आईला "मुलांबरोबर कुठेही" चालणार होतं, आणि बाबांनी निघायच्या आदल्या रात्री एकच प्रश्न विचारला, की कारखाना आतून बघायला मिळतो का?

हा प्रश्न का, ते सांगायला हवं. बाबा किर्लोस्करवाडीत वाढलेत. आजोबा तिथे फाउंड्रीत होते, बाबा स्वतः पुढे पुण्यात मेंटेनन्सला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. भोंग्यावर घड्याळ लावणारं घर होतं ते. पहिला भोंगा झाला की चहा, दुसरा झाला की आजोबा दाराबाहेर. त्यामुळे कारखान्याभोवती गाव वसतं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजवायला नको. ओसाड माळ, निवडुंग, जवळून जाणारी रेल्वे आणि एक हट्टी माणूस, एवढ्या भांडवलावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वाडी उभी केली, औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, तेव्हा स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं, आता स्टेशनलाच कारखान्याचं नाव आहे. ही गोष्ट आमच्या घरात रामायणाच्या बरोबरीने सांगितली गेलीय. तेव्हा चॉकलेटवाल्या अमेरिकन माणसाने गाव वसवलं म्हणल्यावर बाबांचे कान टवकारले यात नवल नाही.

आणि खरंच, गोष्ट जवळपास आपल्याकडचीच वाटावी अशी आहे. मिल्टन हर्शी, जन्म १८५७, मेनोनाइट (साध्या राहणीचा एक ख्रिस्ती पंथ) घरातला, शाळा प्राथमिकच्या पुढे फारशी गेलीच नाही. आधी छापखान्यात शिकाऊ म्हणून टाकला, तिथे जमलं नाही, मग लँकेस्टरच्या एका मिठाईवाल्याकडे. स्वतःचा धंदा फिलाडेल्फियात काढला, १८८२ ला बसला. डेन्व्हरला जाऊन ताजं दूध घालून कॅरमेल करायचं शिकला. न्यूयॉर्कमध्ये परत दुकान काढलं, १८८६ ला तेही बुडालं. परत लँकेस्टरला आला, नातेवाईक दारात उभे करेनात, पण यावेळी कॅरमेल चाललं, आणि असं चाललं की १९०० साली तो धंदा त्यांनी दहा लाख डॉलरला विकून टाकला. विकला कारण १८९३ च्या शिकागोच्या जत्रेत, म्हणजे त्या मोठ्या वर्ल्ड्स फेअरमध्ये, ड्रेस्डेनच्या एका कंपनीची चॉकलेटची मशिनरी बघितली होती आणि डोक्यात तेच घोळत होतं. कॅरमेल येतं आणि जातं, चॉकलेट टिकणार, असा हिशोब.

मिल्क चॉकलेट तेव्हा श्रीमंतांची चीज, स्विस लोक पद्धत कुणाला सांगायचे नाहीत. यांनी स्वतः खटपट करून पद्धत बसवली, आणि १९०३ ला कारखान्याचा पाया खणला तो कुठे, तर आपल्या जन्मगावाच्या शेतांत, जिथे ना गाव ना वस्ती. कारण साधं होतं. आजूबाजूला दूधवाले शेतकरी, पाणी भरपूर, कष्टाळू माणसं, आणि कोको-साखर उतरवायला न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाची बंदरं रेल्वेच्या टप्प्यात. १९०५ ला कारखाना सुरू झाला. आणि गाव नव्हतंच, म्हणून तेही बांधायला घेतलं: घरं, ट्रॉली, बँक, शाळा, बाग. घरांत वीज, आत नळ, हीटिंग, त्या काळात कामगाराच्या घरात! आणि सगळी घरं एका साच्यातली नकोत हाही आग्रह.

हे सगळं मी गाडीत बाबांना वाचून दाखवत होते आणि बाबा मागून "बरोबर", "अगदी बरोबर" असं म्हणत होते, जसं काही परीक्षेचे पेपर तपासतायत.

गावात शिरलं की पहिल्यांदा दिवे दिसतात. रस्त्यावरचे दिव्याचे खांब आहेत ना, त्यांच्या टोकाला हर्शीज किसच्या, म्हणजे त्यांच्या त्या टोकदार चॉकलेटच्या गोळीच्या आकाराचे दिवे बसवलेत, काही चंदेरी कागदात गुंडाळलेले आणि काही कागद काढलेले. लेक लगेच मोजायला लागली. मुख्य रस्ता चॉकलेट अव्हेन्यू, त्याला छेदणारा कोको अव्हेन्यू, आणि आतल्या गल्ल्यांची नावं जावा, सिलोन, कॅराकास, ग्रॅनडा, त्रिनिदाद. कोको जिथून जिथून यायचा ती ठिकाणं. पेनसिल्व्हेनियातल्या शेतात सिलोन अव्हेन्यू बघून आईला मात्र रेडिओ सिलोनच आठवला आणि पुढची दहा मिनिटं गाण्यांत गेली.

मग चिमण्या दिसल्या. उंच, जुन्या, अंगावर उभ्या अक्षरात हर्शी लिहिलेलं. बाबा पुढे सरसावून बसले, नीट बघितलं, आणि म्हणाले, "चिमणी आहे. धूर कुठाय?"

धूर नाही कारण कारखानाच नाही. तो जुना कारखाना, १९ ईस्ट चॉकलेट अव्हेन्यू, २०१२ मध्ये बंद झाला. काम गावाच्या पश्चिमेच्या नव्या प्लांटमध्ये हलवलं, जो ऑटोमॅटिक आहे आणि जिथे तुम्हाआम्हाला प्रवेश नाही. जुन्यातला बराचसा भाग पाडला, दर्शनी भाग राखून तिथे ऑफिसं केली, चिमण्या ठेवल्या. पूर्वी म्हणे अख्ख्या गावाला चॉकलेटचा वास यायचा. आम्ही काचा खाली करून बघितल्या, आम्हाला पलीकडच्या हॉटेलातल्या फ्राइजचा आला.

"मग लोक बघायला काय येतात?" बाबांनी विचारलं. रास्त प्रश्न.

लोक चॉकलेट वर्ल्ड बघायला येतात. पूर्वी खरोखर कारखान्याच्या आतून फेरी मारता यायची, लोक मशिनच्या शेजारून जायचे, कामगार हात हलवायचे. पण ती इतकी लोकप्रिय झाली की १९७० च्या सुमाराला वर्षाकाठी दहा लाखांच्या घरात माणसं यायला लागली. खाण्याच्या वस्तूच्या कारखान्यात एवढी वर्दळ परवडणार कशी, स्वच्छता राखायची की माणसं मोजायची? मग १९७३ ला कारखान्याची फेरी बंद केली आणि शेजारी ही नवीन इमारत उघडली, जिच्यात कारखान्याची नक्कल आहे. तुम्ही एका छोट्या डब्यात बसता, डबा आपोआप पुढे जातो, आणि बी पासून वडीपर्यंतचा प्रवास दाखवतात. फुकट आहे, म्हणून रांगही तशीच.

डब्यात आम्ही पाचजण. पहिल्या वळणावर गाई. तीन यांत्रिक गाई, पापण्या फडफडवत, माना हलवत गाणं म्हणतात, आपल्या दुधाचं गुणगान. लेक तर उभीच राहायला बघत होती, आई टाळ्या वाजवायला लागली, आणि ते गाणं एवढं चिकट आहे की आमच्या घरात पुढे कितीतरी दिवस भांडी घासताना चालू होतं. मग कोकोच्या बिया सरकत्या पट्ट्यावरून, मग भाजणीचं दालन, तिथे लाल उजेड आणि चेहऱ्याला चक्क गरम लागतं. ते बाबांना आवडलं. "एवढं बरोबर केलंय," म्हणाले. फाउंड्रीच्या पोराला गरम हवेची पारख असणारच. मग पातळ चॉकलेट, साचे, कागद गुंडाळणं, पट्ट्यावरून धावणाऱ्या वड्या, आणि शेवटी तुमचा फोटो काढतात (विकत) आणि हातात एक चॉकलेट ठेवतात (फुकट).

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "छान आहे. पण यात माणूस कुठं होता?"

मी खरंच आठवून बघितलं. गाई गातात, चॉकलेटच्या वड्यांना डोळे-तोंड आहेत, त्या बोलतात. हातात पाना धरलेला, डोक्याला टोपी लावलेला, पाळी संपायची वाट बघणारा माणूस मला तरी कुठे दिसला नाही. एका कारखान्याच्या गावातला सगळ्यात गर्दीचा कारखाना, आणि त्यात कामगारच नाही. एकदा हे लक्षात आलं की मग दिवसभर दुसरं काही दिसेना मला.

आता पार्कचंच घ्या. हर्शीपार्क हे नाव घेतलं की डोळ्यासमोर येतात ते पाळणे, पण ते १९०६-०७ च्या सुमाराला सुरू झालं ते कामगारांना रविवारी कुठेतरी जायला हवं म्हणून. झाडं, बेसबॉल, बोटिंग, बँडची जागा, डबा घेऊन या आणि बसा. हळूहळू झोके आले, कोस्टर आले, तो लाकडी कॉमेट १९४६ पासून अजून खडखडतोय. पण १९७१ ला त्याला कुंपण घातलं, गेट बसवलं, एकच तिकीट केलं, आणि ती बाग थीम पार्क झाली. त्याच दोन-तीन वर्षांत कारखान्याचं दारही बंद. म्हणजे गावाने कूस बदलली ती तेव्हाच, २०१२ ला नव्हे. तोवर पाहुणे कामगारांच्या गावात यायचे, नंतर गाव पाहुण्यांचं झालं.

पार्कात पोरांची उंची मोजतात ती इंचात मोजत नाहीत, म्हणजे मोजतात इंचातच, पण सांगतात चॉकलेटमध्ये. अमुक उंचीपर्यंत तू मिनिएचर, मग किस, मग रीसेस, ४८ इंच झालीस की हर्शीज, पुढे आणखी दोन गोळ्या. आमची लेक रीसेस निघाली आणि अर्ध्या इंचासाठी हर्शीज हुकली. रडारड. टाचा उंच करून झाल्या, केस फुगवून झाले, तिथला पोरगा हसत होता पण ढिम्म हलला नाही. मग तिची समजूत काढायला मी सांगितलं की रीसेस पण याच गावचा, एच. बी. रीस नावाचा माणूस हर्शीच्याच गोठ्यावर कामाला होता, त्याने तळघरात स्वतःच्या गोळ्या करायला सुरुवात केली आणि १९२८ ला ते शेंगदाण्याच्या बटरचे कप काढले. पुढे १९६३ ला दोन्ही कंपन्या एकच झाल्या. तिला यात काडीचा रस नव्हता. बाबांना होता. "म्हणजे नोकरी करणाऱ्याने धंदा काढला तर मालकाने अडवलं नाही?" उलट चॉकलेट हर्शीकडूनच जायचं त्याला. बाबांनी मान डोलावली, मालकाला मार्क मिळाले.

चॉकलेट अव्हेन्यूवर एक म्युझियम आहे, हर्शी स्टोरी नावाचं. तिथे गर्दी नाही. पोरांना तिथे न्यायला आईबाप धजावत नाहीत, आमचा नवराही लेकीला घेऊन बाहेर आइस्क्रीमला गेला. पण बाबांचा खरा हर्शी तिथे होता. जुनी मशिन्स ठेवलीत. किसला चांदी गुंडाळणारं मशिन आहे. किस बाजारात आले १९०७ ला आणि १९२१ पर्यंत एकेक किस हाताने गुंडाळत होते, बहुतेक करून बायका. त्या मशिनपुढे बाबा थांबले ते थांबलेच. वाकून खालून बघितलं, बाजूने बघितलं, चष्मा वर करून बघितलं. "हे बघ, इथून कॅम फिरतो, तो हा दांडा उचलतो, हा दांडा कागद आवळतो. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, नुसतं लोखंड आणि डोकं." मग बोटाने हवेतच तो कॅम फिरवून दाखवला, मला, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी अमेरिकन आजोबांना. ते आजोबाही कुठल्यातरी मिलमधले निघाले असावेत, कारण त्यांनीही हवेत दुसऱ्या बाजूने दांडा फिरवला, दोघांना एकमेकांचं इंग्लिश किती कळत होतं देव जाणे, पण पाच-सात मिनिटं दोघं ते मशिन चालवत होते.

म्युझियममध्ये मिल्टनरावांचा तो टायटॅनिकचा किस्साही आहे. १९१२ ला नवरा-बायको टायटॅनिकने परतणार होते, तीनशे डॉलरचा आगाऊ चेकही गेला होता, कामामुळे आधीच्या दुसऱ्या बोटीने आले आणि वाचले. हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. १९३७ चा माहीत नसतो.

१९३७ च्या एप्रिलमध्ये हर्शीच्या कामगारांनी संप केला. बाहेर बसून नाही, आत बसून, मशिन बंद करून ठिय्या. मंदीच्या काळात मालकाने माणसं घरी बसवू नयेत म्हणून गावात बांधकामं काढली होती हे खरंच आहे, डोंगरावरचं ते हॉटेल हर्शी १९३३ चं, अरीना १९३६ चं. सांगतात की एका मशिनमुळे चाळीस माणसांचं काम वाचतं असं कुणीतरी म्हणल्यावर त्यांनी मशिन परत पाठवून माणसं लावायला सांगितली. दंतकथा असेल, पण चांगली आहे. तर असा मालक, आणि तरी संप, कारण कारखान्यात पाळ्या, मजुरी, कुणाला ठेवायचं कुणाला काढायचं हे सगळं वरच्याच्या मर्जीवर, आणि गावात घर त्याचं, बँक त्याची, दुकान त्याचं, ट्रॉली त्याची. मेयरसुद्धा नाही, कारण कागदोपत्री हर्शी हे शहरच नाही, डेरी टाउनशिपचा एक भाग आहे, आजही. कारखाना बंद, मग दूध कोण घेणार? शेतकऱ्यांचं हजारो लिटर दूध रोज वाया जायला लागलं. शेवटी शेतकरी आणि मालकाच्या बाजूचे कामगार काठ्या-दंडुके घेऊन आत घुसले आणि संपकऱ्यांना मारत मारत बाहेर काढलं. माणसं रक्तबंबाळ. मिल्टन हर्शींची त्याच वर्षी ऐंशी पूर्ण होणार होती. ज्यांच्यासाठी गाव बांधलं त्यांनीच संप केला याने म्हाताऱ्याचं मन मोडलं असं सांगतात, पण ज्यांची डोकी फुटली त्यांचं मन कुणी विचारलं का कोण जाणे. राइडमध्ये याचं काही नाही. गाई गात असतात.

हे मी बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "मालक चांगला असला ना, की संप करणं जास्त अवघड असतं." पुढे काही विचारलं नाही मी. आमच्या घरात पुण्यातल्या दिवसांतल्या काही गोष्टी आहेत ज्या अजून कुणी नीट सांगितलेल्या नाहीत.

तर मग हे सगळं गाव म्हणजे नुसता मुलामा आहे का, चिमण्या शोभेच्या, गाई रबरी, कामगार गायब? मी साधारण असंच काहीतरी लिहायला बसले होते. पण पैसा कुठे जातो हे बघितलं की तसं लिहिता येत नाही, आणि या गावाची सगळ्यात विचित्र गोष्ट तीच आहे.

मिल्टन आणि कॅथरिनला मूलबाळ नव्हतं. १९०९ ला त्यांनी अनाथ मुलांसाठी शाळा काढली. कॅथरिन १९१५ ला गेली. १९१८ ला या माणसाने आपली जवळजवळ सगळी संपत्ती, कंपनीचे शेअर्स, साधारण सहा कोटी डॉलर, शाळेच्या ट्रस्टला देऊन टाकले. गाजावाजा नाही, काही नाही, बाहेर कळलं ते १९२३ ला. त्या ट्रस्टकडे आजही चॉकलेट कंपनीचा ताबा आहे, आणि पार्क, हॉटेलं चालवणारी कंपनी तर पूर्ण त्यांचीच. म्हणजे आम्ही काढलेलं पाळण्याचं तिकीट, लेकीचं ते अवाढव्य आइस्क्रीम, यातला नफा शेवटी त्या शाळेच्या खात्यात. गरीब घरातली दोन हजारांवर मुलं तिथे राहतात, शिकतात, कपडे-जेवण-डॉक्टर सगळं फुकट. सुरुवातीच्या कागदात फक्त गोऱ्या मुलग्यांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं होतं हेही सांगायला हवं, काळी मुलं आली ती १९६० च्या दशकाच्या शेवटी, मुली त्यानंतर सत्तरच्या दशकात.

आणि त्या शाळेतली मुलं गाईंचं दूध काढायची. खऱ्या गाईंचं. पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा, शाळा सांभाळून. १९८९ पर्यंत ते चालू होतं. म्हणजे एकीकडे १९७३ पासून पर्यटकांसाठी राइड चालू झालेली आणि तिथून काही मैलांवर पहाटेच्या थंडीत बारा-चौदा वर्षांची पोरं बादली घेऊन गोठ्यात. त्यांना ते आवडायचं का? काहींना आवडायचं, काहींनी नावं ठेवली, कुठल्याही बोर्डिंगच्या पोरांसारखीच. पण बाबांना शोधायचा होता तो माणूस निदान मला इथे सापडला.

२००२ मध्ये ट्रस्टने ठरवलं की कंपनी विकून टाकू, सगळे पैसे एकाच ठिकाणी अडकवून ठेवण्यात धोका आहे. रिगली, ते च्युइंगगमवाले, साडेबारा अब्ज डॉलर द्यायला तयार होते. गाव रस्त्यावर आलं. कामगार, दुकानदार, शाळेचे माजी विद्यार्थी, सगळे एका बाजूला, कोर्टापर्यंत गेलं, आणि त्याच सप्टेंबरमध्ये ट्रस्टने माघार घेतली. १९३७ ला ज्या गावात शेतकऱ्यांनी कामगारांना मारलं, त्याच गावाने पासष्ट वर्षांनी एक होऊन सौदा मोडला. दहा वर्षांनी जुना कारखाना बंद झालाच, त्याआधी काही काम मेक्सिकोलाही गेलं, ते कुणाला थांबवता आलं नाही. पण मालकी गावात राहिली.

एक खटकलेली गोष्ट राहिली. राइडच्या सुरुवातीला कोकोचं हिरवंगार जंगल, आनंदी फळं. जगातला बहुतेक कोको येतो पश्चिम आफ्रिकेतून, आयव्हरी कोस्ट आणि घाना, आणि तिथल्या मळ्यांत लहान मुलं राबतात म्हणून चॉकलेट कंपन्यांना २००१ मध्ये करारावर सह्या कराव्या लागल्या, हर्शी त्यात होती. प्रश्न अजून सुटलेला नाही. एका टोकाला अनाथ मुलांची शाळा आणि दुसऱ्या टोकाला मळ्यातली मुलं, मधे आपण हातात फुकटची वडी घेऊन. मला याचं काय करायचं ते कळलेलं नाही, वडी मात्र खाल्ली.

वडीवरून आठवलं, आईचा निकाल. आईने पार्किंगमध्ये बसून एक तुकडा खाल्ला, जरा थांबली आणि म्हणाली, "आंबूस लागतंय गं." हे तिचं एकटीचं मत नाही, अमेरिकेबाहेर वाढलेल्या बऱ्याच लोकांना हर्शीच्या चॉकलेटला एक आंबट झाक लागते, दूध ज्या पद्धतीने प्रोसेस होतं त्यातून ती येते असं म्हणतात. आपली जीभ कॅडबरीवर पोसलेली. इथल्या पोरांना मात्र तीच चव म्हणजे चॉकलेट, आमच्या लेकीला तर भारतातलंच "फार गोड" वाटतं. आईने उरलेला तुकडा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, टाकला नाही, अन्न आहे.

परतताना ७८ वर ट्रॅफिक, लेक झोपलेली. नवऱ्याने विषय काढला की किर्लोस्करवाडीत पण असं काहीतरी करायला पाहिजे, म्युझियम, राइड, जुना लोखंडी नांगर, भोंगा वाजवायचा दर तासाला, पुण्या-कोल्हापूरची शाळांची ट्रिप हमखास. बाबा जावयाला अजून अहो-जाहो करतात. म्हणाले, "अहो, पंप बघायला कोण येणार? चॉकलेट पोरं मागून घेतात. पंप मागितलेला बघितलाय का कधी?"

"पण बाबा, इतिहास म्हणून."

"इतिहास कसला, तिथं काम चालू आहे. आता दुसरी पाळी सुटत असेल." मग घड्याळ बघितलं, भारतातली वेळ मनात लावली आणि स्वतःच दुरुस्ती केली, "नाही, पहिली लागायची असेल अजून."

मग ओगलेवाडीचा विषय निघाला, तिथली काच, ते प्रभाकर कंदील, कारखाना बंद पडला तर गावाचं कुणी म्युझियमही केलं नाही, मग हर्शीवाल्यांनी निदान चिमण्या तरी ठेवल्या यावर नवऱ्याने बोट ठेवलं, बाबा म्हणाले चिमणी ठेवून काय करायचं, आई म्हणाली ठेवली तर काय बिघडलं, बघायला बरी दिसते, आणि अ‍ॅलनटाउन मागे पडेपर्यंत हा वाद चालू होता.